उजव्या हाताची नदी

‘येऊ की’ हे दोन शब्द कुणाला म्हणावेत आणि कुणाला म्हणू नयेत, हे माणसाला लहानपणीच शिकवायला हवं. मला ते कुणी शिकवलं नाही. म्हणून एकोणीसशे सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी, अशरफ परकार, मूळ गाव दाभोळ, हल्ली मुक्काम मिरकाब, कुवेत, जर्मनीतल्या एका नदीच्या काठी सायकलवर बसलेला आढळलो. बरोबर बायको होती, तीही सायकलवर. नदी कुठली होती यावर पुढं वाद झाला, तो येईलच.

त्याचं असं झालं. आमची कंपनी शुऐबाच्या नव्या कारखान्यांना पंप पुरवायची आणि मी तिच्या मिरकाबच्या ऑफिसात स्टोअरकीपर होतो. पंप जर्मनीचे, ते बसवायला आलेला इंजिनियरही जर्मनीचा. नाव क्राउझे. माणूस उंच, उन्हानं लालबुंद झालेला आणि चेष्टा म्हणजे काय हे ठाऊक नसलेला. वर्षभर मी त्याला वॉशरपासून बर्फापर्यंत सगळं पुरवलं. मायदेशी निघताना त्यानं माझा हात घट्ट धरला आणि इंग्रजीत म्हणाला, “मिस्टर परकार, मी आणि माझी बायको दर उन्हाळ्यात ऱ्हाईन नदीच्या काठाकाठानं सायकलवर फिरतो. रस्ता सपाट आहे. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं या.”

मी म्हणालो, “येऊ की!”

आता यात माझं काय चुकलं? आपल्याकडे कुणी ‘या एकदा घरी’ म्हटलं की ‘येऊ की’ म्हणायचं असतं. बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा येणार नाही, म्हणून तर तो बोलावतो. पण जर्मन माणसाला तुम्ही ‘येऊ’ म्हणालात की तो सायकलींना तेल घालायला घेतो.

पुढच्या वसंतात ऑफिसात तार आली. ‘सायकली तयार. तारीख कळवा. क्राउझे.’ माझ्या हातात पडेपर्यंत ती सगळ्या ऑफिसनं वाचली होती. संध्याकाळी मी घरी पोचलो तर आमच्या इमारतीच्या जिन्यातच खालच्या मजल्यावरचे अब्बासचाचा उभे.

“काय रे अशरफ, जर्मनीला चाललास म्हणे, सायकलनं?”

“चाचा, कुवेतपासून सायकलनं नाही. तिथं गेल्यावर सायकलनं.”

“मग एवढं तिथवर जाऊन सायकल कशाला? पायी चालायला काय होतं तिथं?”

अब्बासचाचा जर्मनीचे जाणकार होते. तरुणपणी बोटीवर खलाशी असताना ते हांबुर्गला तीनदा जाऊन आले होते. तिन्ही वेळा ते बोटीतून उतरले नव्हते, पण बंदरावरून देश कळतो असं त्यांचं म्हणणं होतं. “थंडी वाजते आणि क्रेन मोठ्या असतात,” एवढी माहिती त्यांनी मला तिथल्या तिथं दिली.

मी मनाशी ठरवलं होतं की उलट तार करायची, बायकोची तब्येत बरी नाही. चांगल्या माणसाला दुखवायचं नसेल तर बायकोची तब्येत हाच उपाय असतो. घरात सुगरा झुबैदी साफ करत बसली होती. कुवेतात तिला झुबैदी म्हणतात, आमच्या घरात ती पापलेटच. मी तारेचा मसुदा वाचून दाखवला.

“माझ्या तब्येतीला काय झालंय?” सुगरानं सुरी खाली ठेवली.

“काही नाही गं. आपलं लिहायचं.”

“जबान दिलीत ना तुमी त्याला?”

“ती जबान नव्हती. बोलायची रीत होती.”

“त्या गरिबाला काय ठाऊक?” ती परत मासा साफ करायला लागली. मला वाटलं विषय मिटला. पण थोड्या वेळानं मान वर न करता तिनं विचारलं, “अवो, नदी गोड्या पाण्याची असते ना?”

“असते.”

“आठ वर्षं झाली मी टँकरचं पाणी भरतेय. गच्चीवरची टाकी संपली की ती खालची खैरुन्निसा आणि मी जिन्यात भांडतो. कुणाचं नसलेलं, नुसतं वाहणारं गोडं पाणी एकदा बघायचंय मला.”

मी तब्येतीची तार फाडली आणि दुसरी केली.

पैशाचा प्रश्न येईल आणि सुटका होईल, ही माझी शेवटची आशा होती. ती आमच्या अरबाबांनी, म्हणजे मालकांनी, मोडली. मी रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा ते पोट धरून हसले. “सायकल? का? मी गाडी देतो!” मी सांगितलं, गाडी नको, सायकलच हवी. ते गंभीर झाले. आपला स्टोअरकीपर इतका अडचणीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कॉफी मागवली आणि म्हणाले, “तिथं जातोच आहेस तर पंपांच्या कारखान्यात जाऊन ये. आपले पंप गळतात का ते विचार. तिकीट माझ्याकडून.” सुगराचं तिकीट, कंपनी गावी जायच्या रजेला जे भाडं देते, त्यात बसलं. अशा रीतीनं मी कंपनीच्या कामावर सायकलनं निघालो.

पासपोर्टावर जर्मनीचं नाव चढवून घ्यायला भारतीय वकिलातीत गेलो. तिथल्या बाबूंनी विचारलं, “प्रवासाचं कारण?”

“सायकल चालवणे.”

त्यांनी पेन ठेवलं. “धंदा, शिक्षण, औषधपाणी, नातेवाइकांची भेट. यातलं सांगा.”

“यातलं नाही. नदीकाठानं सायकल चालवायची आहे.”

“शर्यत आहे का? खेळाडू असाल तर दिल्लीच्या क्रीडा संघटनेची परवानगी लागेल.”

“साहेब, मी खेळाडू दिसतो का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यानं मी उगाच दुखावलो. ते म्हणाले, “मग औषधपाणी लिहू.” आणि काही लिहिण्याआधीच सुगरा मागून म्हणाली, “माझी तब्येत ठणठणीत आहे.” शेवटी ‘पंप’ या शब्दावर तडजोड झाली. माझं कारण पंपांची तपासणी आणि सुगराचं कारण तपासणाऱ्याची सोबत.

राहता राहिली सायकल. सुगराला येत नव्हती. मला येत होती, पण उतरता येत नव्हतं. दापोलीला शाळेत असताना मी सायकल शिकलो ती भिंतीच्या कडेनं, त्यामुळे थांबायचं म्हटलं की मला भिंत लागे. हे मी बायकोला सांगितलेलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली तरी तो प्रसंगच आला नव्हता.

कोपऱ्यावरच्या इराणी रोटीवाल्याकडून त्याची सायकल शुक्रवारपुरती मागून घेतली. मागं रोट्यांचा भलामोठा कॅरियर असलेली ती सायकल म्हणजे लोखंडी खाट होती. मिरकाबच्या गल्लीत बायकोला सायकल शिकवणं शक्य नव्हतं. खैरुन्निसाभाबीनं, म्हणजे अब्बासचाचांच्या बायकोनं, आधीच जाहीर केलं होतं की बाईमाणूस सायकलवर बसलं की गुडघे कायमचे बाहेरच्या बाजूला वळतात. तरीही सुगराला घोट्याशी नाडी असलेली सलवार तिनंच शिवून दिली. वर म्हणाली, “गुडघे वळले तर निदान झाकलेले असूदेत.”

जागा अब्बासचाचांनी सुचवली. “शुऐबाच्या रस्त्याला तेलाची पाइपलाइन आहे ना? नदी म्हणजे तरी काय रे, पाइपलाइनच. एका बाजूला धरायची आणि चालत राहायचं.” मला हे पटलं. कंपनीच्या पिकअपमधून सायकल टाकून दर शुक्रवारी पहाटे आम्ही पाइपलाइनला जाऊ लागलो. सुगरा दोनदा पडली, तिसऱ्यांदा पडता पडता गेली आणि मग गेलीच. मी मागं धावत ओरडत होतो, “थांब! थांब!” तर ती सरळ ब्रेक दाबून, एक पाय टेकून उभी राहिली. मला हे पाहून बरं वाटायला हवं होतं.

माझी पाळी आली तेव्हा थांबण्यासाठी मी पाइपलाइनला जाऊन टेकलो. ती भिंतीसारखीच सोयीची होती, फक्त गरम. दोन-तीन शुक्रवार हे चाललं, आणि मग एक दिवस पोलिसांची जीप आली. एक बाई रोटीवाल्याच्या सायकलवर पाइपलाइनच्या कडेनं फेऱ्या मारतेय आणि एक माणूस ठरावीक अंतरावर पाइपाला हात लावून उभा राहतोय, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. त्यांना जो संशय आला तो मलाही आला असता.

माझं अरबी ऑफिसातलं. ‘बिल’, ‘उद्या’ आणि ‘माल आला नाही’ इतकंच मला नीट येतं. मी तिन्ही म्हणून पाहिलं. सुगराचं अरबी मासळीबाजारात तयार झालेलं, ती पुढं झाली.

“आम्ही नदीवर जाणार आहोत,” ती म्हणाली.

पोलीस म्हणाला, “बाई, कुवेतात नदी नाही.”

“म्हणून तर इथं शिकतोय.”

पोलीस विचारात पडला. त्यानं जीपमधल्या साहेबाला जाऊन सांगितलं, साहेबही विचारात पडला. मग साहेबानं मला बोलावून हळूच विचारलं, “ही तुमची बायको आहे ना? मग तिला एवढ्या लांबच्या नदीवर का नेता? बसऱ्याची नदी जवळ आहे.” मी म्हणालो, “साहेब, येतो म्हणून सांगितलंय.” त्याला ते लगेच पटलं. सायकल त्यानं स्वतः पिकअपमध्ये चढवली आणि पाइपाला पुन्हा हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

जुलैत आम्ही बैरूतमार्गे विमानानं गेलो. खैरुन्निसाभाबीनं डबाभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, दिले होते, कारण परमुलखात खायचं काय? क्राउझेचं घर ऱ्हाईनच्या काठच्या एका छोट्या गावात होतं. दार उघडलं तर तो कुबड्यांवर उभा. आमच्यासाठी तळघरातून सायकली वर आणताना तो जिन्यावरून पडला होता. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मला वाटलं, चला, सुटलो. मी चेहरा दुःखी केला.

“काही हरकत नाही,” क्राउझे म्हणाला. “तुम्ही दोघं जा. मी रविवारी ट्रेननं कोलोनला येतो, मोठ्या चर्चसमोर भेटू. रस्ता चुकणं अशक्य आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. बस. दुसरं काही लक्षात ठेवायचं नाही.”

मी ते तीनदा म्हणून दाखवलं. त्यानं माझ्या उजव्या हातावर थाप मारली.

दुसऱ्या सकाळी निघालो. ऱ्हाईन मी काय वर्णू? दाभोळच्या खाडीएवढं पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर किल्ले, आणि सगळं इतकं हिरवं की डोळ्यांना सवय होईना. सुगरा पहिल्याच वळणावर उतरली, काठाशी गेली आणि पाण्यात हात बुडवून बराच वेळ बसली. मी पुढं जाऊन एका बाकाला टेकलो. बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मी त्यांच्यातल्या आजोबांच्या खांद्याला टेकलो, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. ते थोडे सरकून बसले. सोड्यांच्या वासानं एका गावातली मांजरं पुढच्या गावापर्यंत आली, एवढं सोडलं तर पहिला दिवस मानानं गेला.

दुसऱ्या दिवशी कोब्लेन्झ नावाचं मोठं शहर लागलं. तिथं नदीकाठी एक प्रचंड दगडी चौथरा आहे, वर नुसता झेंडा. चौथऱ्याच्या टोकाला काठ गर्रकन डावीकडे वळत होता. नदी उजव्या हाताला ठेवून आम्हीही वळलो. त्या टोकावर बरेच लोक उभे राहून पाण्याकडे बोटं दाखवत होते. तिथं बघण्यासारखं काय आहे, हे मला समजलं नाही, आणि थांबावं तर टेकायला रिकामी जागा नव्हती.

पुढं नदी अरुंद झाली. मी सुगराला समजावलं की मोठ्या नद्या अशा मधेमधे अरुंद होतात.

“अवो,” ती थोड्या वेळानं म्हणाली, “काल बदकं आपल्याबरोबर येत होती. आज समोरून येताहेत.”

“बदकं कुठूनही येतील.”

“बदकांचं सोडा. ती फांदी बघा. पाणी उलटं वाहतंय.”

मी खाडीकाठचा माणूस. पाणी उलटं वाहिलं म्हणून मी घाबरणार नव्हतो. “अगं, भरती लागली,” मी म्हणालो. “आपल्याकडे दाभोळला दिवसातून दोनदा वाहतं ना उलटं? संध्याकाळी ओहोटी लागली की होईल सरळ.”

सुगरानं सायकल उभी केली, खाली उतरली, बोट बुडवून जिभेला लावलं.

“गोडं आहे,” ती म्हणाली. “भरतीचं पाणी गोडं असतं होय?”

नवऱ्याच्या आयुष्यात असे क्षण येतात. मी म्हणालो, “युरोपात असेल,” आणि पायडल मारलं. पण मनात पाल चुकचुकली होती. एका द्राक्षमळ्याच्या दारात एक जाडजूड शेतकरी दिसला. मी त्याच्या कुंपणाला टेकलो आणि नदीकडे बोट दाखवून विचारलं, “ऱ्हाईन?”

त्याचा चेहरा उजळला. “वाईन! या, या!”

जर्मनीच्या ग्रामीण भागात मराठी बोलावणं ऐकून मी चकित झालो. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’, हे फार पुढं कळलं. तो आम्हाला हाताला धरून आत घेऊन गेला, तळघरात उतरवलं, पिंपांच्या रांगा दाखवल्या आणि दोन पेले भरून पुढं केले. मी हात जोडले, मग कानाला हात लावून ‘तोबा, तोबा’ म्हणालो. त्याच्या बायकोला वाटलं माझे कान दुखतात. तिनं कापूस आणला. शेवटी सुगरानं खुणेनं दूध मागितलं तेव्हा दूध आलं, आलुबुखाराचा केक आला, आणि निघताना सगळ्या घरानं हात हलवून निरोप दिला. नदीचं नाव मात्र कळलं नाही.

पुढच्या गावात परत विचारलं, “ऱ्हाईन?” परत “या, या!” परत तळघर. नदीचं नाव काढलं की ही माणसं बाटली का काढतात, हे कोडं मला काही केल्या सुटेना. कानांत कापूस घालून मी सायकल चालवत राहिलो. तो काढला आणि कापूस देणारी बाई मागून आली तर दुखावेल, अशी भीती होती.

असे मुक्काम करत आम्ही कॉखेम नावाच्या गावी पोचलो आणि एका विधवा बाईच्या खानावळीत उतरलो. रविवारी सकाळी नाश्त्याला मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आज कोलोन!” तिला थोडं इंग्रजी येत होतं. ती हसली. मग मी हसत नाही असं पाहून तिनं मला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं. तिनं कोब्लेन्झवर बोट ठेवलं, तिथून वर कोलोनकडे नेलं आणि मान हलवली. मग परत कोब्लेन्झवर आणून भलत्याच दिशेला खाली उतरवलं आणि कॉखेमवर टेकवलं. “मोझेल,” ती म्हणाली. “ऱ्हाईन नाही. मोझेल.”

त्या चौथऱ्याच्या टोकावर दोन नद्या एकमेकींना मिळत होत्या. लोक तेच बघत होते. मला एकट्याला सोडून.

मागं वळून बघितलं तर सुगरा तोंडात पदर घालून हसत होती. पदर नव्हता, ओढणी होती, पण हसणं तेच. मला राग आला पाहिजे होता. आलाही. पण तिला इतकं हसताना मी कुवेतात कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

क्राउझेच्या घरी फोन केला. तो आदल्या दिवशीच कोलोनला गेला होता, उशीर नको म्हणून. त्याच्या बायकोनं कुठून कुठून निरोप पोचवला. दुपारच्या ट्रेनमधून तो उतरला तो प्लॅटफॉर्मवर कुबड्या आपटतच.

“मी उजवा हात म्हणालो होतो!”

“मिस्टर क्राउझे,” मी म्हणालो, “चला.” त्याला मी काठावर नेलं, ज्या दिशेनं आलो त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो आणि उजवा हात पसरला. बोटांखाली नदी होती.

क्राउझेनं कुबडीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली. मग तिला डावीकडून येऊन मिळणारी दुसरी ओढली. पहिल्या रेघेच्या कडेनं कुबडी हळूहळू फिरवत तो टोकापाशी आला आणि थांबला. टोपी काढली. मला त्याची दया आली.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही तंतोतंत सूचना पाळलीत. माझ्या सूचना इतक्या नेमक्या आजवर कुणी पाळल्या नव्हत्या. माझ्या बायकोनंही नाही.” त्यानं माझा हात जोरजोरात हलवला. कानातल्या कापसाबद्दल त्यानं विचारलं नाही. मग लगेच घड्याळ काढलं. “उद्या सकाळच्या ट्रेननं सायकली कोब्लेन्झला नेऊ. तिथून योग्य नदीनं निघा.”

“काय म्हणतोय?” सुगरानं विचारलं.

“म्हणतोय, ही नदी सोडून परत जायचं. खरी नदी दुसरी आहे.”

सुगरा नदीकडे बघत होती. समोरच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी थेट पाण्यापर्यंत उतरल्या होत्या, एक होडी वळणाआड जात होती. “आणि ही खोटी आहे होय?” ती म्हणाली. “हिनं आपलं काय घोडं मारलंय? त्या वळणापलीकडं काय आहे ते बघितलंय का कुणी?”

“काय म्हणतात बाई?” क्राउझेनं विचारलं.

मी थकलो होतो. इंग्रजीत जसं सुचलं तसं सांगितलं, “ती विचारते आहे, या नदीनं आमचा कुठला घोडा मारला?”

क्राउझेचा चेहरा पांढरा पडला. “घोडा? वाटेत घोडा मेला?”

“नाही, नाही. घोडा नाही. ही बोलायची रीत आहे.”

“कुणाचा घोडा, मिस्टर परकार? शेतकऱ्याचा? त्याचं नाव घेतलंत का?”

मी रात्रीच्या जेवणापर्यंत समजावत होतो. जितकं समजावलं तितका त्याचा संशय पक्का होत गेला. त्यानं खानावळवाल्या बाईला विचारलं, तिनं शेजारी विचारलं. सकाळी आम्ही सायकली काढल्या तेव्हा क्राउझे प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून दारात बसला होता आणि बाजूला गावचा पोलीस उभा होता. सुगरा टांग मारून कधीच निघाली होती, कोब्लेन्झकडे पाठ करून. क्राउझेनं मला वाट सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

मी पोलिसाच्या खांद्याचा आधार घेऊन सायकलवर चढलो. वळणापाशी सुगराला गाठलं, तेवढ्यात मागून हाक आली.

“मिस्टर परकार! घोडा कुठल्या रंगाचा होता?”

“काय विचारतोय तो?” सुगरा म्हणाली.

“तपकिरी!” मी वळून ओरडलो. तो निर्धास्त झालेला दिसला, पोलिसानंही मान हलवली, आणि आम्ही वळणापलीकडे गेलो.